चौथ्या बर्थची बॅग

"चौदा म्हातारे, चौदा बॅगा, प्रत्येक बॅगेत एक पोळपाट... आणि कंबर कुणाची मोडणार? यायरची."

कुरकुर माझ्या मानेमागे, अगदी कानाशी चालली होती. बेरशेवाहून डिमोनाला जाणारी दुपारची बस, बाहेर मे महिन्याचं पिवळं वाळवंट. डिमोनाच्या बसमध्ये मराठी ऐकू आली तर कुणी वळून बघत नाही, अर्धी बस कोकणातून आलेल्या आपल्याच यहुद्यांची असते. पण ही मराठी तरुण गळ्यातली होती. आमची तरुण पोरं आईनं मराठीत विचारलं तर हिब्रूत उत्तर देतात, स्वतःशी तर ती हिब्रूतच भांडतात. म्हणून मी वळले.

मांडीवर भली मोठी रिकामी बॅग घेऊन एक जण बसला होता. बॅगेच्या वरून फक्त डोळे दिसत होते. डोळे बरे होते.

"पोळपाट एकट्या रूतीबाई नेणार आहेत," मी म्हटलं. "बाकीच्यांनी लाटण्यावर भागवलंय."

त्याचे कान लाल झाले. "तुम्ही... त्या चौदांतल्या?"

"त्या चौदा म्हाताऱ्यांतली."

"यादीत वय लिहिलेलं नव्हतं."

"म्हणून सगळ्यांना सरसकट म्हातारं करून टाकलंत."

"स्लिखा," तो म्हणाला, म्हणजे माफ करा. आणि मग हसला. हसताना त्याचा एक दात किंचित पुढे यायचा. अशा गोष्टी लक्षात राहतात, काय करणार.

सत्त्याण्णव साल होतं, आणि मी एकतीस वर्षांची होते. आमच्या सिनेगॉगच्या इमॅन्युएल अंकलनी चार दिवसांची बोटीची सहल ठरवली होती. हैफाहून निघायचं, लिमासोल, ऱ्होड्स, परत हैफा. त्याआधी कंपनीनं हा माणूस पाठवला होता, आम्हाला बॅग भरायला शिकवायला. मागच्या गटातल्या कुणाची तरी लिंबाच्या लोणच्याची बरणी फुटून आठ परक्या बॅगांना लोणचं लागलं होतं म्हणे. हा यायर चार वर्षं बोटीवर स्टुअर्ड होता. राहणारा मित्स्पे रामोनचा. तिथे एक अजस्र खड्डा आहे आणि नजर पोचेल तिथवर थेंबभर पाणी नाही.

"तिथला माणूस बोटीवर कसा गेला?"

"तिथे राहून बघा चार दिवस. तुम्ही पोहतसुद्धा जाल."

मी बाहेर बघू लागले. त्याला वाटलं, विनोद फसला. त्यानं घाईनं खिशातून यादी काढली. "नाव?"

"सुझॅन."

त्याचं बोट यादीवरून खाली आलं. "सुझॅन... चार बर्थची केबिन. शमुएल, हाना, कोबी, सुझॅन. बेसेदेर, ठीक. हा कोबी तुमचा..."

"माझं लग्न ठरलंय त्याच्याशी."

बोट तिथेच थांबलं. मग त्यानं अभिनंदन केलं—माझं नाही, खिडकीचं केल्यासारखं. "त्याच्या पासपोर्टचा नंबर रिकामा आहे. कुठे असतो तो?"

"एलातला," मी म्हटलं.

आम्ही सगळे तेच सांगायचो.

यायरला जे सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. नव्वद साली, मेंदीच्या दुसऱ्या दिवशी, कोबी एलातच्या बंदरात शेवटची पाळी करायला गेला. लग्नाला सहा दिवस होते. संध्याकाळी काम सुटल्यावर तो पोहायला उतरला. किनाऱ्यावर त्याचा पांढरा शर्ट सापडला, नीट घडी घातलेला, वर घड्याळ ठेवलेलं. तो सापडला नाही. अकरा दिवस बोटी फिरल्या. बाराव्या दिवशी शेजारीपाजारी घरी आले तेव्हा त्याच्या आईनं, हानाआईनं, दारातच सांगितलं, "कोबी एलातला आहे." लोकांनी माना हलवल्या, चहा प्यायला, गेले. माणूस गेल्यावर सात दिवस जमिनीवर बसून शिवा पाळतात, तो पाळला नाही. दिवा लावला नाही. प्रत्येक सणाला त्याचं ताट वाढलं गेलं, आणि जेवणं झाल्यावर मी ते झाकून ठेवायचे.

मेंदीच्या दिवशी ती मला म्हणाली होती, आजपासून मला आई म्हण. मी म्हणत राहिले. माझ्या मेंदीचा रंग पंधरा दिवसांत उतरला. मी मात्र ठरलेलीच राहिले. वर्गातल्या मुलींची पोरं शाळेत जायला लागली आणि मी अजून नवरी. सात वर्षांत डिमोनातल्या कुणीही मला दुसरं स्थळ सुचवलं नाही. सुचवायचं तर आधी एक वाक्य बोलावं लागलं असतं, आणि ते वाक्य बोलायला कुणी तयार नव्हतं. मीही नव्हते.

*

गुरुवारी सिनेगॉगच्या हॉलमध्ये टेबलावर उघडी बॅग ठेवून यायर उभा राहिला. समोर आम्ही तेरा जण.

"कपड्यांची घडी घालायची नाही," तो म्हणाला. "गुंडाळायचे. घट्ट. असे."

"म्हणजे अळूवडीचा उंडा," रूतीबाई म्हणाल्या. त्या इमॅन्युएल अंकलच्या सौभाग्यवती, आणि कुठल्याही सभेच्या अध्यक्षा.

"अळू... काय?"

"तू कर, कर. बरोबर चाललंय."

त्यानं बुटांत मोजे कोंबले, मोज्यांत चष्म्याची डबी. मोठी बॅग धक्क्यावरच काढून घेतात आणि केबिनमध्ये संध्याकाळी पोचवतात, म्हणून औषधं, पासपोर्ट, कपड्यांचा एक जोड आणि पोहायचा पोशाख हातातल्या पिशवीत.

"पोहायचा पोशाख कुणाचा?" रूतीबाईंनी विचारलं.

"ज्याला पोहायचंय त्याचा."

हॉलमध्ये एकदम खुर्च्या सरकल्याचे आवाज झाले. कुणी खोकलं. यायर थांबला, आमच्याकडे बघितलं, आणि पुढे गेला. केबिनच्या भिंती लोखंडी असतात, चुंबकाचे आकडे आणा, टोप्या-पिशव्या भिंतीला लटकतील. बॅगेला लाल फीत बांधा, सगळ्या बॅगा काळ्याच असतात. इस्त्री चालत नाही, बोटीवर आगीची भीती. हे ऐकून शमुएलकाका, हानाआईचे मालक, अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. सव्वीस वर्षं त्यांनी कापडगिरणीत इस्त्रीच केली होती. बोलत ते फारसे नसत.

"लोणचं?" मागून कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं.

"प्लास्टिकच्या डब्यात. डबा पिशवीत, ती पिशवी आणखी एका पिशवीत, आणि ती तिसरी पिशवी—" त्यानं माझ्याकडे बघितलं, "शेजाऱ्याच्या बॅगेत."

मी हसले. सगळ्यांत उशिरा हसले आणि सगळ्यांत उशिरा थांबले. हानाआईनं मान वळवून माझ्याकडे एकदा बघितलं, आणि मांडीवरची पर्स जवळ ओढली.

"आता केबिनी लावू," यायरनं यादी उचलली. "बायका... पाच, सहा, सात. पुरुष... सात. योफी, मस्त. सात आणि सात."



रूतीबाईंनी पदर तोंडाशी नेला. इमॅन्युएल अंकलनी यादी त्याच्या हातातून घेतली, स्वतः मोजली, चष्मा पुसून पुन्हा मोजली. तरी सातच.

"काय झालं?" यायर म्हणाला. "जोड्या लागतायत. चांगलंच आहे."

"बाळा, तुझ्या बापानं तुला नवगाव सांगितलं नाही?"

"सांगितलं ना. रात्री झोपताना. मी झोपायचो."

मग अंकलनी सांगितलं. आम्हाला सगळ्यांना पाठ असलेलं. आपले पूर्वज ज्या जहाजातून आले ते कोकणात नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं. सात बाप्ये आणि सात बाया तेवढ्या हाताला लागल्या. बाकीचे समुद्रानं दुसऱ्या दिवशी आणून टाकले, ते तिथेच पुरले. आपण सगळे त्या चौदा जणांची पोरं. तेव्हापासून आपल्यातला कुणीही सात-सातच्या गटानं पाण्यावर पाऊल ठेवत नाही. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. पण अलिबागहून मुंबईला लाँचनं जातानाही माझी आजी आधी माणसं मोजायची, आणि मोजून झाल्यावर कधीकधी पुढच्या लाँचची वाट बघत बसायची.

"मग एक नाव कमी करा," यायर म्हणाला. सरळ माणूस.

सगळे छताकडे बघू लागले. तेरा माणसांच्या मनात त्या घटकेला एकच गोष्ट होती—पुरुष सात नाहीतच. सहा आहेत. एवढं म्हटलं की अपशकुन टळला, बोट सुटली. एवढंच म्हणायचं. रूतीबाई, ज्यांनी जन्मात कुठलं वाक्य गिळलं नाही, त्यांनीही ते गिळलं.

"आमची चार नावं राहणार," हानाआई म्हणाली. "बाकी तुमचं तुम्ही बघा."

यायर हळूच माझ्याकडे झुकला. "तुझा कोबी राहिला तर कुणी रडेल का? एलातला आहे, त्याला समुद्र काय नवा."

मला तू म्हणाला, हे मला त्या घटकेलासुद्धा कळलं. हिब्रूत सगळेच तू असतात. तरी.

*

शनिवार उलटला, आणि रविवारी तो आमच्याकडे बॅगा तपासायला आला. आमच्याकडे म्हणजे हानाआईकडे. मी दोन जिने सोडून राहते, पण जेवते तिथेच.

खाटेवर चार बॅगा उघड्या होत्या. शमुएलकाकांची, हानाआईची, माझी, आणि एक तपकिरी. हानाआई स्वयंपाकघरात चकल्या तळत होती. खोलीत आम्ही दोघं, खाटेच्या दोन बाजूंना.

"हे काय?" त्यानं माझ्या बॅगेतून एक लोकरी स्वेटर उचलला.

"रात्री डेकवर गार असतं, तूच म्हणालास."

"एक स्वेटर म्हणालो. हे तीन आहेत."

"एक घालायला, एक नाही आवडला तर, एक कुणाला लागला तर."

"कुणाला लागेल?"

"असतात काही लोक. वाळवंटातले. समुद्रावर जातात आणि स्वेटर न्यायचं विसरतात."

तो स्वेटर गुंडाळू लागला. फार वेळ गुंडाळत होता. "निळा चालेल मला," तो खाली बघूनच म्हणाला.

मी काहीतरी म्हणणार होते... नक्की काय ते आता आठवत नाही, पण ते चांगलं होतं. तेवढ्यात त्यानं तपकिरी बॅग स्वतःकडे ओढली.

"ह्यात शर्ट घडी करून कुणी ठेवला? मी काय सांगितलं होतं—"

त्यानं कॉलर चिमटीत धरली.

त्या बॅगेचं मी तुम्हाला सांगायला हवं. आठवडाभर ती रोज सकाळी थोडी भरत होती. सोमवारी दोन हातरुमाल. मंगळवारी दाढीचा ब्रश. बुधवारी मोज्यांचा जोड. सगळं कोबीचं. मी बघायचे आणि झाकण लावायचे. हानाआई ठेवत असणार, आईच ती, ठेवू दे. आज सकाळी मी बघितली तेव्हा त्यात शर्ट नव्हता.

पांढरा शर्ट. कडक इस्त्री, बाह्या मागे दुमडलेल्या. एलातच्या पोलिसांनी परत दिलेला तोच. कॉलरच्या आतल्या शिवणीवर निळ्या धाग्यानं क काढला होता, मीच काढलेला.

"ओला आहे," यायर म्हणाला.

मी हात लावला. कॉलर ओली होती. कॉलर आणि पाठ. मे महिन्यातल्या डिमोनात धुतलेली चादर वीस मिनिटांत पापडासारखी वाजते. यायरनं शर्ट नाकाशी नेला, आणि चार वर्षं बोटीवर काढलेल्या त्या माणसाचा चेहरा बदलला.  मलाही तो खारा वास आला होता. सर्वांत जवळचा समुद्र आमच्यापासून दीड तासावर आहे.

त्यानं शर्टाच्या खिशात बोट घातलं. बोटाला वाळू लागून आली. आमच्याकडची वाळू पिठासारखी असते, फिकी. ही जाडी होती, काळसर, मधे पोवळ्याचा लाल कण.

"सुझॅन," तो म्हणाला, "कोबी एलातहून येऊन गेला का?"

मी शर्ट त्याच्या हातातून घेतला. गुंडाळायला लागले. अळूवडीचा उंडा. तो काही केल्या घट्ट होत नव्हता. त्यानं दुसरी बाजू धरली आणि आम्ही दोघांनी मिळून तो शर्ट गुंडाळला, त्याची बोटं माझ्या बोटांवर. गार ओल दोघांच्या हातांना लागली. मी हात काढला नाही. ह्या गोष्टीची मला पुढे बरेच दिवस लाज वाटली, मग वाटेनाशी झाली.

तो गेल्यावर मी हानाआईला विचारलं. "आई, शर्ट आज ठेवलात का?"

तिनं झारा कढईवर आपटून तेल निथळवलं. "मी कशाला ठेवू? मला वाटलं तू ठेवतेयस. रुमाल, ब्रश... म्हटलं, हिला तेवढंच समाधान, ठेवू दे."

आम्ही दोघी कढईत बघत उभ्या राहिलो. चकल्या करपल्या.

*

बुधवारी तो माझ्या खिडकीशी आला. मी कुपात होलिमच्या औषधांच्या खिडकीवर होते, सरकारी विम्याचा दवाखाना, नंबरचा कागद घेऊन रांगेत उभं राहायचं. त्याचा नंबर अठ्ठेचाळीस होता.

"बोट लागते त्याच्या गोळ्या."

"कुणाला?"

"मला."

"चार वर्षं स्टुअर्ड होतास."

"आता लागायला लागली." त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. पायांत धुळीनं पांढरे पडलेले बूट. "एलातला गेलो होतो. पासपोर्टच्या नंबरासाठी."

मी गोळ्यांची पाकिटं मोजू लागले. मागची रांग कुजबुजत होती. आणि मग मी जे विचारलं ते माझ्या तोंडून कसं निघालं हे मला अजून कळलेलं नाही.

"भेटला?"

यायर माझ्याकडे बघत राहिला. त्याला सगळं कळलं होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. एका वाक्यात संपलं असतं. तो सरळ माणूस होता, यादीतून नाव कमी करा म्हणणारा.

"नाही भेटला," तो म्हणाला.

झाला तोही आमच्यातला.

"बंदरात अव्नेर म्हणून एक क्रेनवाला आहे," तो थांबत थांबत बोलत होता. "त्याच्याबरोबर कामाला असलेला. तो म्हणाला..."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, कोबी... हसरा आहे."

असं त्या क्रेनवाल्यानं म्हटलेलं नसणार. आम्ही दोघं ते वाक्य काचेच्या दोन बाजूंनी बघत राहिलो. एकोणपन्नास नंबरच्या बाईनं काउंटरवर नाणं वाजवलं.

"मी तुला काही विचारलं," तो हिब्रूत म्हणाला, अगदी हळू, "तर तू हो म्हणू शकतेस का? म्हणजे... तुला हो म्हणता येतं का?"

"माझं लग्न ठरलंय," मी मराठीत म्हटलं.

"हो. ते मला माहीत आहे." त्यानं गोळ्या खिशात टाकल्या. "मग मीच येतो बोटीवर. माझं नाव घालतो. आठ पुरुष होतील, सात बायका. कुणाचंही नाव काढायला नको."

तो दारातून गेला तेव्हा मला एवढा आनंद झाला की मी एकोणपन्नास नंबरला दुसऱ्याच कुणाचा खोकल्याचा पाक दिला. आणि तो आनंद तसाच असताना मी मनातल्या मनात माणसं मोजली. सहा वर्षांचं पोरसुद्धा करेल असा हिशेब होता. कागदावर आठ आणि सात. पाण्यावर?

*

निघायच्या आदल्या दुपारी हानाआईकडे मलिदा होता. प्रवासाआधी, नवस फेडताना, लग्नाआधी आमच्यात एलियाहू हानबीच्या नावानं मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, भोवती पाच फळं. तो पैगंबर वाटेवरच्यांना सांभाळतो.

सकाळपासून हमसीन सुटला होता, वाळवंटातला तो गरम वारा. आकाश हळदीचं झालं होतं. दुपारी तीनला दिवे लावावे लागले. खिडक्या बंद, फटींना ओली फडकी, तरी जिभेवर धूळ. दारं आपोआप हलत होती, आणि दर वेळी दार हललं की सगळे तिकडे बघत होते आणि बघितलं नाही असं दाखवत होते.

इमॅन्युएल अंकल मात्र खुशीत होते. "सुटलो, बाबा. आठ आणि सात. फर्स्ट क्लास. ह्या मुलानं आपली ट्रिप वाचवली."

मी स्वयंपाकघरात केळी कापत होते. यायर ताटल्या घ्यायला आला आणि ताटल्या न घेता उभा राहिला.

"निळा स्वेटर घातलास बॅगेत?"

"घातला."

"सुझॅन, गोड बोलायचं मराठी मला येत नाही. भाजी, भात, बॅगा, चूप बस, असलंच येतं."

"आणि कंबर मोडणं."

"आणि कंबर मोडणं." तो हसला नाही. "माझं तुझ्यावर प्रेम आहे, हे वाक्य मी आज सकाळी आईला विचारून पाठ केलं. तिनं विचारलं, कोण आहे. मी सांगितलं, एका एलातच्या माणसाची ठरलेली आहे. ती म्हणाली, गाढवा."

मी सुरी खाली ठेवली. बाहेर वाऱ्यानं काहीतरी कोसळलं, डबा असावा.

"तू येऊ नकोस बोटीवर," मी म्हटलं.

"का?"

"कारण तू आठवा नाहीस." मी केळ्यांची सालं गोळा करू लागले. "तू... तू मोज ना. तुला मोजता येतं."

"मला येतं. तू म्हण."

"नाही जमत."

"एकदा. माझ्यासमोर तरी. मी कुणाला सांगणार नाही."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण सात वर्षं न बोललेली गोष्ट दगडासारखी होते, ती घशातून वर येत नाही. मी त्याच्या बाहीला धरलं आणि मान हलवली, आणि त्यानं त्याचं कपाळ माझ्या कपाळाला टेकवलं. त्याच्या केसांतून धूळ माझ्या पापण्यांवर पडली. असे किती वेळ होतो कोण जाणे. मग मला दिसलं, की दारात हानाआई उभी आहे, हातात कोबीचं ताट घेऊन. वाढलेलं.

ती वळली आणि बाहेरच्या खोलीत गेली. आम्ही तिच्या मागे गेलो. दुसरं काय करणार.

सगळे ताटल्या घेऊन बसले होते. इमॅन्युएल अंकल यादी दुरुस्त करत होते. "यायरला कुठली केबिन द्यायची? सगळ्या भरल्यात."

"आमच्यात झोपेल," हानाआई म्हणाली. "चौथा बर्थ मोकळा आहे."

शमुएलकाकांनी ताटली जमिनीवर ठेवली.

"हाना," ते म्हणाले, आणि मला वाटतं वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी चार माणसांत तिचं नाव घेतलं. "बॅग मी भरत होतो. रुमाल, ब्रश. शर्टाला इस्त्री मीच केली. समुद्रावर जातोच आहोत तर... त्याचं त्याच्याकडे सोडून यावं म्हटलं. तुला सांगायचं धाडस झालं नाही."

"ओला करून ठेवलात?"

"नाही." ते आपल्या हातांकडे बघत होते. "मी सव्वीस वर्षं कपडे कोरडे करून ठेवलेत. कोरडाच ठेवला होता. चांगला कोरडा."

वाऱ्यानं दार पुन्हा हललं. ह्या वेळी कुणीच तिकडे बघितलं नाही. हानाआईनं मात्र बघितलं, शांतपणे, ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं, आणि जाऊन कडी लावली.

"पण मग..." रूतीबाई म्हणाल्या. त्या बोटांवर मोजत होत्या, आणि मोजताना बोटं मांडीवर लपवत होत्या. "हानाबाई, चौथा बर्थ मोकळा म्हणजे... ह्या मुलाला धरून पुन्हा..."

"सात आणि सात," हानाआई म्हणाली. "मलाही मोजता येतं, रूती. त्या दिवशी हॉलमध्येही येत होतं."

"मग जायचं कसं?"

"जायचं. बॅगा भरल्यात." ती माझ्याजवळ आली. माझा उजवा हात तिनं हातात घेतला, उलटा केला, तळव्यावर अंगठा फिरवला. मग यायरकडे बघितलं. त्याच्या कपाळावर माझ्या कपाळाचं साखर-खोबरं काहीतरी लागलं होतं, ते तिनं पदरानं पुसलं, जरा जोरानंच.

"तुम्ही सगळे सात-सातला घाबरता," ती म्हणाली. "लहानपणापासून मीही घाबरले. पण ते चौदा बुडालेले नव्हते ना. ते वाचलेले होते. त्यांनी तिथेच चुली मांडल्या, लग्नं केली, आपल्याला जन्माला घातलं. बुडालेल्यांत धरायचे ते वेगळे." तिनं खाली ठेवलेलं कोबीचं ताट उचलून यायरच्या हातात दिलं. "खा. गार झालंय."

मग ती खाली जमिनीवर बसली, भिंतीला पाठ टेकून, आणि पायांतल्या सपाता काढून बाजूला ठेवल्या. आमच्यात तसं कधी बसतात ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. शमुएलकाका उठले आणि तिच्या शेजारी बसले.

"माझा कोबी मेला," हानाआई म्हणाली.